शो रंगायला वेळ लागतो

४ जानेवारी, शनिवार. दुपारी.

आज रात्री नऊला इंद्रजीत खळदकरचा नवा विनोदी शो. नाव 'गरमागरम'. जुन्या 'चहा गार होतोय'नंतर तीन वर्षांनी माणूस टीव्हीवर परत येतोय. तयारी पूर्ण. सेट-टॉप बॉक्सचा रिचार्ज केला. टीव्हीची काच पुसली. वॉचमनला सांगून ठेवलं की नऊ ते दहा कुणाचं पार्सल वर पाठवू नकोस. माझं कधी येत नाही, पण सांगितलेलं बरं.

ठराव: शो तटस्थपणे पाहायचा. केवळ जुन्या प्रेमापोटी चांगला म्हणायचा नाही. विमा कंपनीत पस्तीस वर्षं क्लेम तपासले आहेत, तटस्थपणा अंगात आहे.

ही असती तर आज साबुदाण्याची खिचडी केली असती. नोव्हेंबरात गेली. 'चहा गार होतोय' आम्ही दोघांनी मिळून पाहिला, नऊ वर्षं, एकही भाग न चुकवता. मी हसायचो, ही शेजारी बसून देवाच्या वाती वळायची. हात चालू असले म्हणजे समजावं, बाई रंगली आहे. मध्येच म्हणायची, "पुरे झालं हो." हसून हसून पोट दुखायचं तिचं.

५ जानेवारी, रविवार. सकाळी.

उत्कृष्ट.

हसू आलं नाही, पण उत्कृष्ट. पहिला भाग हसण्यासाठी नसतोच मुळी. पाया घातला जातो. इमारतीच्या पायाकडे बघून कुणी वा वा म्हणत नाही. इंद्रजीतचं वजन वाढलंय, केस काळे केलेत, ते जरा जास्तच काळे. पण नजर तीच.

खाली आप्पासाहेब बराटे भेटले. आमची सोसायटी यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचा हक्क त्यांना सातबाऱ्यासकट मिळाला आहे असं ते समजतात. मी विचारलं नसताना म्हणाले, "रंगनाथराव, त्यो माणूस दमल्याला हाय. आधी मजा करायचा, आता ड्युटीवर येतोय."

शेतकरी माणूस. विनोदातलं काय कळणार.

१२ जानेवारी, रविवार.

दुसरा भाग. लेक पूर्वा आली होती. हिंजवडीहून येईस्तोवर साडेनऊ झाले, ट्रॅफिक. म्हणजे अर्धाच भाग पाहिला, त्यामुळे तिचं मत मी धरत नाही. पूर्ण वेळ लॅपटॉप मांडीवर. एकदा खळखळून हसली. मी म्हटलं, बघ, आवडला ना? तर ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी काहीतरी टाकलं होतं.

जाताना पुन्हा तेच. बाबा, माझ्याकडे राहायला चला, एक खोली रिकामीच आहे. मी सांगितलं की तुझ्याकडे केबल नाही. म्हणाली, मोबाईलवर सगळं दिसतं. मोबाईलवर इंद्रजीत चार इंचांचा दिसणार. त्या माणसाचा अर्धा विनोद खांद्यात आहे. खांदा दिसला पाहिजे.

१५ जानेवारी, बुधवार.

काल संक्रांत. यंदा आमच्याकडे सण नाही. तरी बराट्यांच्या घरून तिळगूळ आला. मी दारातच सांगितलं, वर्ष व्हायचंय, चालत नाही. बराटे वहिनी डबा ठेवून गेल्या. संध्याकाळी चहाबरोबर एक वडी खाल्ली. वडी म्हणून खाल्ली, तिळगूळ म्हणून नाही.

ठराव: शनिवारच्या आधी जुने भाग पाहायचे नाहीत. तुलना होते आणि नव्यावर अन्याय होतो.

१६ जानेवारी.

जुने दोन भाग पाहिले. अभ्यास म्हणून.

१९ जानेवारी, रविवार.

तिसरा भाग. तांत्रिक अडचण आली.

स्किट असं होतं. एका माणसाची बायको मेली आहे. लोक भेटायला येतात. हा दार लावून घेतला की नाचतो, लोक आले की रडतो. इंद्रजीतने नाच चांगला केला. मागून हशा भरपूर होता. नंतर तो स्वयंपाकघरात जातो आणि म्हणतो, आता मीठ कमी पडलं तरी बोलणारं कुणी नाही, आणि हात वर करून ओरडतो.

इथे आवाज गेला. म्हणजे मीच बंद केला, पण केबल खरखरत होती म्हणून. मग पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात थोडा वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा जाहिराती चालू होत्या.

विनोद मोठा होता. समाजातल्या ढोंगावर बोट ठेवलं होतं. तो पेलायला मन मोठं लागतं, आणि काल माझी तब्येत बरी नव्हती.

आप्पासाहेबांना जिन्यात भेटायचं टाळलं. लिफ्ट वापरली.

२६ जानेवारी, रविवार. झेंडावंदनानंतर.

चौथा भाग. इंद्रजीत साडी नेसला होता. साडी नेसून पडला. उठला, पुन्हा पडला. मला वाटतं, माणूस काहीतरी खोल सांगू पाहतोय.

चॅनेलच्या फेसबुक पेजवर कॉमेंट टाकली: 'शो रंगायला वेळ लागतो. प्रेक्षकांनी धीर धरावा.' खाली एकाने विचारलं की काका, तुम्ही त्याचे सासरे का? त्याला खूप लाइक. मला एक. तो बहुतेक माझाच अंगठा चुकून लागला असावा.

पूर्वाचा फोन. जेवलात का, औषध घेतलं का. शोबद्दल विचारलं नाही. मीच सांगितलं, सुधारतोय.  मग म्हणाली, पुढच्या शनिवारी प्रयत्न करते.

२ फेब्रुवारी, रविवार.

पूर्वाला जमलं नाही. तिच्या ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती. पाचवा भाग एकट्याने पाहिला. बरा होता. म्हणजे संपला.

आज एक गोष्ट लिहून ठेवतो. कुणाला सांगितलेली नाही.

हिच्या दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा शिवेना. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले, झाडावर कावळे बसलेले आणि एकही खाली उतरत नाही. हिचा भाऊ हात जोडून म्हणाला, पूर्वाचं लग्न आम्ही थाटात करू, तू काळजी करू नकोस. काही नाही. मी म्हटलं, तुझ्या तुळशीला रोज पाणी घालेन. काही नाही. गुरुजींनी घड्याळ बघितलं, मागे दुसरी मंडळी ताटकळलेली. कुणीतरी हळूच म्हणालं, दर्भाचा कावळा करा.  हिची इच्छा राहिली आहे आणि ती काय आहे हे मला माहीत नाही? इतकी वर्षं एका घरात राहून?

मग आठवलं. हॉस्पिटलच्या खोलीत टीव्ही होता. त्यावर या शोची जाहिरात लागली होती. मी हिला दाखवली. ती म्हणाली होती, "लागला की बघा हो." दुसऱ्या दिवशी बोलणं बंद झालं. म्हणजे शेवटचं मागणं हेच.

मी डोळे मिटून मनातल्या मनात म्हटलं, इंद्रजीतचा शो लागू दे. एकही भाग चुकवणार नाही. तुझ्यासाठी बघेन. डोळे उघडले तर कावळा पिंडावर.

हे असं आहे. त्यामुळे शो टिकला पाहिजे आणि चांगला झाला पाहिजे. मी बायकोला भिकार वस्तू कबूल केलेली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.

पेपरात आलं आहे की 'गरमागरम'चा टीआरपी घसरला. हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नाही. योजना: शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सामूहिक दर्शन. ऐंशी फ्लॅट. पन्नास माणसं आली तरी टीआरपी उसळेल. नोटीस लावली. वडापाव सांगितले.

९ फेब्रुवारी, रविवार.

प्रतिसाद संमिश्र.

आले आप्पासाहेब आणि वहिनी. तिसरे सेक्रेटरी, हॉलची किल्ली परत घ्यायला. आप्पासाहेब मुकाट्याने पूर्ण भाग बसले, हे त्यांच्या नावावर मांडलं पाहिजे. एका जागी हसल्यासारखा आवाजही केला. मी वळून बघितलं तर ते माझ्याकडे बघत होते, टीव्हीकडे नाही.

वडापाव उरले. वॉचमनला दिले, उरलेले आज सकाळी मी खाल्ले.

फोनवर पूर्वाने सांगितलं की टीआरपी असा मोजत नाहीत. ठरावीक घरांत मशीन बसवलेलं असतं, तेवढ्याच घरांचं धरतात. बाकीच्यांनी पाहिलं काय, नाही पाहिलं काय, कुणाला कळत नाही. मी म्हटलं, मला कळतं ना. ती म्हणाली, या शनिवारी मी नक्की येते. सुट्टी टाकून येते.

१६ फेब्रुवारी, रविवार.

काल पूर्वा वेळेच्या आधी आली. लॅपटॉप आणला नव्हता. सोफ्यावर माझ्या शेजारी बसली. शो सुरू झाला. इंद्रजीतने तोच माणूस पुन्हा आणला, बायको मेलेला. लोकांना आवडला असणार.

पूर्वाने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. मी चिडलो. आयुष्यात तिच्यावर इतका चिडलो नसेन. म्हटलं, एकही भाग चुकवायचा नाही, लाव. तिने विचारलं, का? मग मी सगळं सांगितलं. घाट, कावळा, हॉस्पिटलची जाहिरात. बोलताना आवाज फुटला, ते एक वाईट झालं.

 पूर्वा म्हणाली, "बाबा, आईला तो कधीच आवडला नाही. तिला डोळ्यांसमोर नको व्हायचा, म्हणून ती खाली मान घालून वाती वळायची."

मी म्हटलं, मग नऊ वर्षं बसली कशाला? आत जाऊन बसायचं.

"तुम्ही ऑफिसातून आलात की घरात कुणाशी बोलायचा नाहीत. तेवढा एक तास हसायचात. ती तुम्हाला बघायला बसायची."

 मी म्हटलं, पण कावळा शिवला, त्याचं काय? तिने सांगितलं की त्याच वेळी ती माझ्या मागे उभी होती आणि तीही मनात बोलली होती. काय ते तिने सांगितलं: "बाबांना एकटं ठेवणार नाही."

मी म्हटलं, कावळ्याने दोन्ही ऐकलं असेल. ती हो म्हणाली. ती माझ्याशी वाद घालत नाही, याचीच मला भीती वाटते.

नंतर आम्ही जेवलो. आमटीत मीठ कमी होतं. दोघंही बोललो नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

पूर्वाचं म्हणणं पूर्ण खरं असेल असं नाही. मुलं अर्धंच बघतात. ही एकदा तरी हसली असेल. आठवतोय.

२१ फेब्रुवारी.

अजून आठवतोय.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.

काल रात्री नऊला टीव्ही लावला. लहान मुलांच्या नाचाची स्पर्धा लागली. वाटलं, शो उशिरा असेल. ती स्पर्धा संपेपर्यंत बसलो. मग बातम्या लागल्या.

आज दूध आणायला गेलो तर आप्पासाहेब म्हणाले की तो शो बंद केला, परवाच पेपरात आलं होतं. मला वाटलं, आता हे आणखी काही बोलणार. बोलले नाहीत. माझ्या हातातली दुधाची पिशवी घेतली आणि दारापर्यंत आणून दिली.

लिहून टाकतो. शो वाईट होता. पहिल्या भागापासून वाईट होता, आणि मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं की काय फालतू आहे हे, बंद कर. पण असं म्हणायला शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं. सोफ्यावर मी एकटाच होतो, आणि एकट्याने काहीही पाहिलं तरी ते चांगलंच म्हणावं लागतं, नाहीतर उठून दुसरं काय करायचं हे ठरवावं लागतं.

पूर्वाला फोन केला. तिने उचलला नाही, रविवार आहे, झोपली असेल. तुझ्याकडची खोली अजून रिकामी आहे का, एवढंच विचारायचं होतं. दुपारी पुन्हा लावेन.