जिथे कॅसेट संपली

सनद, बहरीन, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

अंगावरचा काटा अजून जात नाही. एका थोर गिटारवाल्याची रेकॉर्डिंग्ज कशी ऐकावीत, हे सांगणारी माझी पुस्तिका छापायला जायची आहे. शेवटच्या गाण्याबद्दल मी मोठ्या तोऱ्यात लिहिलंय, 'सूर चढत असतानाच तो अचानक थांबतो. असं थांबायला छाती लागते.'

आज सुनंदानं त्याच गाण्याची सीडी आणली. लावली. ती जागा आली, आणि तो थांबलाच नाही!

"अहो, तिथं तुमची कॅसेट संपत होती," सुनंदा हसत सुटली.

खरंच की! बाब अल बहरीनच्या बाजारातल्या दुकानातून भरून घेतलेली कॅसेट. टेप संपली, त्याला मी शेवट समजलो. पण त्या जागेपुढे जे आहे... सूर आणखी वर जातो आणि तिथून इतका अलगद उतरतो, की सुनंदाचं हसूही थांबलं. इतकी वर्षं हे सगळं तिथंच होतं?

एवढ्यात छापखान्यातून फोन आला. "प्रूफ खलास, भाई?"

"मफी खलास," मी इथल्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणालो.

नाहीच संपलं.