चिऊची खुर्ची

सोमवार
आले एकदाची! समुपदेशकाच्या नव्या नोकरीतलं पहिलंच घर, आणि माणसं इतकी लाघवी की आधार मलाच द्यायला बोलावलंय असं वाटावं. पंधरवडाभर इथेच मुक्काम. घरात आई, बाबा आणि त्यांची तरुण लेक चिऊ. जिन्यावरून पडून तिच्या मेंदूला मार बसला, बोलणं जवळजवळ गेलं. तिच्यासाठी डॉक्टर आहेत. माझं काम आईबाबांचं. पूर्वीची चिऊ आता परत येणार नाही, हे त्यांच्या गळी उतरवायचं. आईंनी मला आग्रह करकरून जेवू घातलं. इथून मी फुगूनच परतणार.

मंगळवार
खुर्चीचा सराव घेतला. पूर्वीची चिऊ म्हणून मी खुर्चीत बसले. मनात राहिलेलं बोला, निरोप घ्या, म्हटलं. बाबा हुंदके देऊन रडले. आईंनी माझ्या केसांतून हात फिरवला. काम फत्ते! चिऊ मात्र कोपऱ्यातून सारखी नको-नको अशी मान हलवत होती. उद्यापासून तिच्यासमोर नको.

गुरुवार
आईंनी चिऊचे कपडे आणून मला घालायला लावले. सराव संपला तरी मी चिऊच. मी हसून दुरुस्त केलं, तर दोघं समजुतीनं हसले. माणूस विसरला तर वाद घालू नका, हळूच आठवण करून द्या, हे मीच शिकवलं होतं. गुरूची विद्या गुरूला! बाबा मला माझ्या शाळेतल्या बक्षिसांची आठवण करून देतात. माझ्या!

शनिवार
फोन सापडत नाही. तुझ्याकडे फोन होताच कुठे, असं बाबा म्हणाले. फाटकाला कुलूप. मला भीती वाटतेय.

रविवार
आईबाबा बागेत होते. चिऊनं माझा हात धरला, एकेक शब्द ओढून काढला. ती त्यांची मुलगी नाही. खरी चिऊ आजारात केव्हाच गेली. ही दुसऱ्या गावाहून आली होती, माझ्यासारखीच, त्यांना सावरायला. पळायला निघाली, तेव्हा जिन्यावर बाबांनीच मागून—

सोमवार
ओरडले मी, मी चिऊ नाही! आई शांतपणे बाबांना म्हणाल्या, हीसुद्धा ऐकत नाही हो.

कोपऱ्यातल्या चिऊला ओढत मी खोलीत आणलं, आतून कडी घातली. दाराला पाठ लावून लिहितेय. कुणाला सापडलं तर—

बाबा बाहेर आलेत. गोड आवाजात म्हणताहेत, चिऊ बाळा, दार उघड.

ती उठली. आले हं, बाबा, म्हणाली. किती स्पष्ट— नको, अगं, मी आहे ना— तिचा हात माझ्या खांद्यावरून कडीक—