पाच खडूस घरमालक

प्रिय दादा,

परवा तू फोनवर पैसे मागितलेस तेव्हा मी "हातात काहीच नाही रे" म्हणाले, ते खोटं होतं. पैसे होते. भाड्याचे होते.

आमच्या कपड्यांच्या कारखान्यात दर शनिवारी एक निवृत्त कॅशियरबाई पैशांचा हिशेब शिकवायला येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी आजवर सोडावी लागलेली घरं आणि त्यांची कारणं लिहायला सांगितली. मी पाच घरं लिहिली आणि पाचही घरांपुढे ठोकून दिलं, "मालक खडूस." बाई म्हणाल्या, "आता प्रत्येक घर सोडायच्या आधीच्या महिन्यात पैसे कुठे गेले तेही लिही." मी लिहीत गेले. तुझी मोटारसायकल. तुझं दुकान. तुझं दुसरं दुकान. इतकी वर्षं त्या पाचजणांच्या नावाने बोटं मोडली रे मी! बिचारे भाडंच तर मागत होते.

आता पगार झाला की आधी भाडं बाजूला काढते, मग बाकीचं. या सहाव्या घरात दीड वर्ष झालं. काल आईचं घड्याळ खोक्यातून काढून भिंतीवर लावलं. आधीच्या एकाही घरात मी खिळा ठोकला नव्हता.

तू खुशाल राहायला ये, हवे तितके दिवस राहा. पैसे मात्र मागू नकोस.

हे पत्र काही मी पेटीत टाकणार नाही. वाचलंस तर तुला लाज वाटेल, आणि माझे पैसे फेडायला तू आणखी कुणाकडून तरी उसने घेशील.

तुझीच,
बारकी