सारवलेला तडा

२१ मे

प्रिय क्रांतीआक्का,

पाकिटाला दोन ठिकाणी डिंक लावलाय आणि जोडावर माझी सही केलीय. सही तुटलेली दिसली तर आधी कोणी फोडलं ते विचार, मग वाच. फोनवर सांगितलं असतं, पण आबा फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसतात, आणि तिकडे तुझ्या सासूबाई. दोघांनीही ऐकू नये असं आहे.

घरी सगळे तुझी वाट बघतात. आईनं अळीव आणून ठेवलेत, बाज नव्यानं विणून घेतलीय, दुपटी मोजून झाली तरी तिला कमीच वाटतात. मागची, डोंगराच्या अंगाची खोली आबांनी तुझ्यासाठी स्वतः शाकारली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात कुणाला शंका नाही.

दरडीच्या सर्वेक्षणाची माणसं फेब्रुवारीत वाडीत आली, हे तुला माहीत आहे. कुठला उतार घसरेल याचा नकाशा करायचा, आणि त्यावरून वनखात्यानं कुठं झाडं लावायची, कुठं अजिबात कुदळ मारायची नाही ते ठरवायचं, असं ते सांगत होते. वाडीत कुणाचा विश्वास बसला नाही. शेजारचे हंबीररावकाका पारावर म्हणाले, "लाल रंग लागला की जमीन गेली समजा. झाडाचं निस्तं निमित्त हाय." आबांनी मला सर्वेक्षणवाल्यांकडे रोजंदारीवर लावलं ते यासाठीच. "बारावी सोडून घरात बसलायस, निदान ती काय लिवत्यात ते तरी बघून सांग की."

मीही पाळतच ठेवली. सबिना मॅडम त्यांच्या प्रमुख. झऱ्याचं पाणी गढूळ कधी होतं हे त्या आईला का विचारतात, वाकलेल्या झाडांना खुणा कशासाठी करतात, सगळं मी तारखेसकट वहीत लिहून ठेवायचो. माझं अक्षर बघून त्यांनी तड्यांचे फॉर्म भरायचं काम मला दिलं, तेव्हा वाटलं, हाही डावच असणार. उद्या काही झालं तर सही माझी.

आपल्या घराच्या वर, जिथं आपण करवंदं काढायचो, तिथं मार्चमध्ये मला एक तडा दिसला होता. बावीस पावलं लांब, हात मनगटापर्यंत सहज आत जाईल एवढा रुंद. एप्रिलमध्ये फॉर्म घेऊन गेलो तर तडा नव्हता. आधी संशय आला तो सर्वेक्षणवाल्यांवरच. मग खाली बसून बघितलं. शेण-माती कालवून तो बुजवला होता आणि खळं सारवतात तसा वरून सारवून घेतला होता. त्यावर पाचोळा पसरलेला. आपलं घमेलं तिथंच करवंदीच्या जाळीत सरकवून ठेवलेलं होतं.

आबांना विचारलं. म्हणाले, "तडा हाय कुठं? दाव की मला." मग म्हणाले, "लेक यायची हाय बाळंतपणाला. तवर जमिनीची भानगड नको." मी फॉर्मवर 'तडा नाही' असं लिहिलं आणि सही केली.

गेल्या आठवड्यात मलकापूरला कच्चा नकाशा दाखवला. आपला उतार हिरवा, म्हणजे बिनधोक. आबांनी मला चहा-भजी खायला घातली, वर्षभरात पहिल्यांदा. मी मात्र नकाशाखालची कामांची यादी शेवटपर्यंत वाचली. लाल उतारावर खणायचं नाही, पाणी बाजूनं काढून द्यायचं, आहेत ती झाडं जपायची. हिरव्या उतारावर रोपं लावायची, आणि पावसाचं पाणी मुरावं म्हणून आडवे चर खणायचे. आपल्या वरच्या उतारावर चाळीस चर धरलेत. पावसाच्या आत उरकायचे म्हणून परवापासून खणायला माणसं लागली. आज सकाळी वर जाऊन आलो. सारवण मधोमध फाटलंय. काठी आत घातली, ती तळाला टेकली नाही. चरांत साठणारं पाणी याच तड्यात उतरणार, आणि खाली तुझी खोली.

आक्का, म्हणून लिहितोय. आठ तारखेला तू येऊ नकोस. बाळ तिकडे कोल्हापुरातच होऊ दे, सासूबाईंना काय वाटायचं ते वाटू दे. आईला या आठवड्यातच बोलावून घे. माझ्या सांगण्यानं ती घर सोडणार नाही, तुझ्यासाठी येईल. आबा हलणार नाहीत. उद्या पहिल्या गाडीनं मी मलकापूरला जाऊन सबिना मॅडमना लिहून देणार आहे की तडा आहे, बावीस पावलं, आणि 'नाही' हे मी लिहिलं होतं. बुजवला कोणी ते सांगणार नाही. मॅडमवर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. कामावरून तर काढतीलच, आणखी काय करतील सांगता येत नाही. आबा मला घरात घेतील असं वाटत नाही. घेतलं तर त्यांना पुढच्या पडवीत झोपायला लावीन. ते तुला फोन करतील, माहेरी का येत नाहीस म्हणून विचारतील. तेव्हा डॉक्टरांचं निमित्त सांगू नकोस. आदर्शनं कळवलं, असंच सांग.

तुझाच, पाठचा भाऊ
आदर्श