डोंगरावरचा नवस

येडशी, १२ जानेवारी १९५८

तीर्थरूप आईस, डोंगरावरून उतरल्या उतरल्या अंबूचा साष्टांग नमस्कार.

शारदे, हे आईला मोठ्यानं वाचून दाखव. डोळ्यांच्या ऑपरेशनची पट्टी उचलून तिनं डोकवायचं नाही!

आई, आज माथ्यावर जाऊन आलो! शाळेतले विष्णुपंत गुरुजी सोबत होते. वरून अख्खं तळं दिसलं, तुझ्या हिरव्या इरकली लुगड्यासारखं. वारा तर लई! मी पोरासारखा ओरडलो. भाकरी पोटभर खाल्ली, पायही दुखत नाहीत.

वर शेंदूर फासलेला दगड होता. मी लोटांगण घातलं, तुझ्या डोळ्यांसाठी नवस बोललो. विष्णुपंत पोट धरून हसायला लागले. ते आधी मोजणीखात्यात होते. म्हणाले, "अहो अंबादास, तळ्याच्या मोजणीला हा दगड आम्हीच पुरलाय! शेंदूर मागनं गावानं फासला."

मीही हसलो. निघताना मात्र विष्णुपंतांनीच गुपचूप हात जोडले.

पट्टी कधी सुटणार? डॉक्टर काय म्हणतात? खरं काय ते कळव, शारदे.

आई, तुला दिसायला लागलं की तळं दाखवायला वर आणीन, असं बोललोय. देव दगड निघाला म्हणून मी शब्द फिरवणार नाही.

तुझी वाट बघणारा,
अंबू