काळतोंड्या वानरांची राई

मी, विजयमाला कोंडाजी मुठे, वय ७३, राहणार राजूर, तालुका अकोले, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने करीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा पुतण्या वाल्मिक मला वेडी ठरवल्याशिवाय राहणार नाही.

१. राहतं घर, बँकेतली ठेव आणि शेतीची अवजारं माझी पुतणी सविता हिला द्यावीत. ती वाल्मिकची सख्खी बहीण. आई गेल्यावर दोघांना मीच वाढवलं. एकाच चुलीवरचं खाऊन एक माणूस झालं, दुसरं पुढारी.

२. ओढ्याकाठची राई मला माहेरून बक्षीसपत्राने मिळाली आहे. तिच्यावर सासरच्या कोणाचाही हक्क नाही. तिथे उंबरांवर वानरं राहतात, शेंड्याला शेकरू, ढोलीत उदमांजर, खाली साळिंदर. वाल्मिकला ती तोडून पर्यटकांचे तंबू ठोकायचे आहेत. "काकू, माकडांपायी एवढी जागा अडवून ठेवायची व्हय?" माकड म्हणे! माकडाचं तोंड तांबडं, वानराचं काळंभोर. रांगतं पोरही ओळखेल.

गेल्या वर्षी याच गृहस्थाने मक्याच्या कुंपणात करंट सोडला आणि एक वानरी मेली. मग गावभर गळा काढला, बँड लावला, दशक्रिया घालून बुंदीचं जेवण दिलं. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर स्वतःचा फोटो हा एवढा, आणि वानरीच्या जागी तांबड्या तोंडाचं माकड! आपण मारलं कोणाला, एवढंही त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. तिचं पिल्लू उंबरावर ओरडत होतं. शेवटी दुसऱ्या वानरीने त्याला पोटाशी धरलं. मला रडू आवरेना. आणि लोक बुंदी वाढून घेत होते. शी!

३. सबब ही राईसुद्धा सविताला. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, तंबू ठोकायचा नाही. शनिवारी केळी घेऊन येणाऱ्या भाविकांना फाटकातूनच परत लावायचं. उंबर पिकतोय तोवर वानरांना कुणाच्या पुण्याची गरज नाही.

४. साक्षीदार व्हायला वाल्मिक आज आपणहून आला आहे, नवा शर्ट घालून. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलसाहेबांनी मला हळूच बजावलं. म्हटलं, मग करू द्या की त्याला सही. वाचायची त्याला सवय नाही.

ठिकाण : राजूर, जि. अहिल्यानगर
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

(सही) विजयमाला कोंडाजी मुठे

साक्षीदार :
(सही) फैयाज बाबाजान तांबोळी
(सही) वाल्मिक आसाराम मुठे