रेव्हरंड ताईसाहेब

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

आधी खाली बस. काल चर्चच्या मंडळीने हात वर करून मला पाळक निवडलं! आपल्याकडे ना बिशप, ना वरून हुकूम. बाकांवर बसलेल्यांनीच ठरवायचं. सगळे हात वर गेले, फक्त बाबांचा नाही. मंडळीचे ज्येष्ठ सेवक, डीकन म्हणून पहिल्याच बाकावर होते, हाताची घडी घालून! दीक्षाविधीला सगळे डीकन माझ्या डोक्यावर हात ठेवणार, पण बाबा येणार नाहीत म्हणे. मुलगी पाळक झालेली त्यांना रुचत नसेल. तूच विचार, माझी जीभ रेटत नाही.

तुझे भावजी मात्र हवेत आहेत. काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तीन बाह्या बेतल्या.

तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

ता. ९ मार्च

रेव्हरंड ताईसाहेबांस,
सप्रेम सलाम वि. वि.

पाळकाच्या बायकोला आपण पाळकीणबाई म्हणतो. मग आता भावजी कोण? हसून हसून पोट दुखलं माझं! त्यांना ‘पाळकीणबाई, शिंपी’ असा पत्ता घालून वेगळं कार्ड टाकलंय.

बाबांशी बोललो. तुला वाटतं तसं नाही गं. मागच्या पाळकांना त्याच बाकांवरून हात वर करून काढलं, तेव्हा हात मोजायला बाबाच उभे होते. म्हणाले, डीकन सेवा करून घरी जातो. पाळकाला लोक डोक्यावर घेतात आणि तिथूनच आपटतात, माझ्या पोरीला त्यात कसं लोटू? मी म्हटलं, मग तिच्या जवळ उभे राहा. त्यांनी फोनच ठेवला.

मोठी झालीस तरी भांडत जा.
धाकटा

ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

बाबा आले! मी गुडघे टेकून, डोळे मिटून होते. डीकन एकेक करून हळुवार हात ठेवत होते, आणि मग एक तळवा धपकन असा पडला की चष्मा नाकावरून उडाला. असा हात दुसऱ्या कुणाचा असणार? मला भर प्रार्थनेत हसू फुटलं. वर बाबा खुसखुसले, मग अख्खी मंडळी. पाहुणे रेव्हरंड प्रार्थनाच विसरले. शेवटी बाबांनी दणदणीत ‘आमेन’ म्हणून सगळ्यांना सोडवलं.

बाहेर त्यांनी मला पाळकसाहेब म्हटलं, डोळे पुसले आणि कबूल केलं की मंडळीच्या कामात विचारल्याशिवाय सल्ला देणार नाहीत. आत्ता शेजारी उभे राहून माझं रविवारचं प्रवचन वाचतायत. निम्मं कापा, म्हणतात.

येशील तेव्हा पोटभर हसू. लोभ वाढता ठेव.
तुझी,
ताई